कोव्ह म्हणजे खोली : सिडनी, जानेवारी १७८८

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना 'कोव्ह', म्हणजे बहुतेकदा किनाऱ्यातली अरुंद तोंडाची आडोशाची खोबण, हा शब्द आला की बहुतेक जण 'छोटी खाडी' लिहून पुढे सरकतात. वाक्य खटकत नाही, पण वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहतं. खाडी म्हटलं की कोकणातल्या माणसाला नदीचं मुख दिसतं. भरतीबरोबर आत चढणारं आणि ओहोटीला उतरणारं मचूळ पाणी, काठचा चिखल, तिवरं, मागची खाजणं. कोव्हमध्ये यातलं काहीही असावंच असं नाही. कित्येक कोव्हना नदी नसते आणि चिखलही नसतो. काही कोव्ह तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, डोंगरात आहेत.

हा शब्द नेमका काय सांगतो, हे समजून घ्यायला एकच प्रसंग घेऊ. जानेवारी १७८८ मध्ये ब्रिटिशांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला आणि आठवडाभरात त्याने ठरलेली जागा सोडून दुसरी निवडली. बे सोडून हार्बरमध्ये आणि हार्बरमधल्या एका कोव्हमध्ये मुक्काम हलवला. तिन्ही शब्दांतला फरक त्या निर्णयात स्वच्छ दिसतो. मराठीत तिन्हींना 'उपसागर', 'बंदर', 'खाडी' असं काहीतरी चिकटवलं, तर ताफा का हलला, हेच कळत नाही.

ठरलेली जागा आणि तिची खोट

ताफ्यात अकरा जहाजं होती. १३ मे १७८७ रोजी ती पोर्ट्‌समथहून निघाली. हजाराहून जास्त माणसं, त्यांतले सातशेच्या वर कैदी, आणि नवी वसाहत उभी करायला लागणारं सगळं सामान. कॅप्टन आर्थर फिलिप हे प्रमुख. त्यांचं ठरलेलं ठिकाण होतं बॉटनी बे. जेम्स कुक १७७० मध्ये तिथे येऊन गेले होते, आणि त्यांच्यासोबतचे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी १७७९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे वसाहतीसाठी हीच जागा सुचवली होती.

फिलिप यांचं 'सप्लाय' हे जहाज १८ जानेवारीला बॉटनी बेमध्ये शिरलं. उरलेली जहाजं २० तारखेपर्यंत आली. कुक तिथे एप्रिल-मेमध्ये, म्हणजे दक्षिण गोलार्धाच्या शरदात आले होते, फिलिप आले ते भर उन्हाळ्यात. वर्णनातली जमीन आणि समोरची जमीन यांचा मेळ बसेना. पण फिलिप यांना खरी अडचण पाण्याची होती, खाऱ्याही आणि गोड्याही.

बॉटनी बे विस्तीर्ण आहे, पण बराचसा उथळ. मध्यम आकाराच्या जहाजालाही काठाजवळ जाता येत नव्हतं. खोल पाणी हवं तर तोंडाच्या रोखाने, उघड्या समुद्रासमोर नांगर टाकावा लागे, आणि पूर्वेचा वारा जोरात सुटला की समुद्राची मोठी लाट थेट आत येई. फिलिप यांनी सरकारला पाठवलेल्या पत्रात नेमकी हीच तक्रार आहे. जागा मोठी, पण पूर्वेच्या वाऱ्यापासून आडोसा नाही. शिवाय जहाज आणि काठ यांत एवढं अंतर की प्रत्येक पिंप, प्रत्येक पोतं होडीत उतरवून न्यायचं. आसपासची जमीन दलदलीची, आणि एवढ्या माणसांना पुरेल असा चांगला झरा सापडेना.

'बे' या शब्दाचा अर्थ इथे लक्षात येतो. बे म्हणजे किनाऱ्याला पडलेला रुंद वळसा. त्यात आडोसा मिळेलच असं नाही. उपसागर म्हणावं तर मराठी वाचक बंगालच्या उपसागराच्या मापाने विचार करतो, आणि बॉटनी बेचं तोंड तर जेमतेम एक-सव्वा किलोमीटरचं. म्हणून नाव असेल तिथे 'बॉटनी बे'च ठेवावं, आणि वर्णन करायचंच असेल तर 'समुद्राकडे उघडा असलेला रुंद, उथळ वळसा' असं सरळ लिहावं.

तीन होड्या, दोन दिवस

२१ जानेवारीला फिलिप तीन होड्या घेऊन उत्तरेकडे निघाले. काही मैलांवर पोर्ट जॅक्सन होतं. १७७० मध्ये कुक यांनी बाहेरून जातानाच ते पाहिलं, आत चांगला नांगर पडेल अशी नोंद केली, नाव दिलं आणि ते पुढे गेले. आत शिरले नाहीत. फिलिप शिरले. दोन उंच भूशिरांमधून आत गेल्यावर पाणी वळतं, त्याला फाटे फुटतात, आणि दोन्ही काठांवर एकापाठोपाठ एक अशा खोबणी लागतात. या सगळ्या मोठ्या पाण्याला इंग्रजीत 'हार्बर' म्हणतात, आणि त्या एकेका खोबणीला 'कोव्ह'.

त्या दोन दिवसांतली नावं आजही नकाशावर आहेत. दक्षिण भूशिराच्या आतल्या बाजूला जिथे रात्र काढली तो कॅम्प कोव्ह. उत्तरेच्या काठाला भेटलेल्या तिथल्या माणसांचा आत्मविश्वास आणि मर्दानी वागणं पाहून फिलिप यांनी त्या जागेला मॅन्ली कोव्ह म्हटलं. मग त्यांनी खोबणी एकेक करून पाहिल्या. निवडीच्या कसोट्या पत्रात स्पष्ट लिहिल्या आहेत. गोड्या पाण्याचा सर्वांत चांगला झरा कुठे आहे, आणि जहाज काठाच्या इतकं जवळ कुठे लागेल की थोडक्या खर्चात धक्का बांधून मोठ्यात मोठ्या जहाजाचा मालही थेट उतरवता येईल. या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी जमल्या. त्या जागेला त्यांनी गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांचं नाव दिलं. तोंडाशी रुंदी सुमारे पाव मैल, आत लांबी सुमारे अर्धा मैल, असं मापही दिलं.

जागेला आधीपासून नाव होतंच. तिथल्या गादिगल लोकांच्या भाषेत ती वारान. नकाशावर 'सिडनी कोव्ह' लिहिलं म्हणून आधीचं नाव संपत नाही, आणि मराठी मजकुरातही दोन्ही नावं यायला हवीत.

फिलिप २३ तारखेला परतले. २५ ला 'सप्लाय' निघून संध्याकाळी सिडनी कोव्हमध्ये पोहोचलं, २६ ला झेंडा लागला. उरलेली जहाजं त्याच दिवशी बॉटनी बेमधून बाहेर पडताना उलट वाऱ्यात सापडली, काही एकमेकांवर आदळली. उघड्या बेचा हा शेवटचा त्रास. संध्याकाळी सगळी कोव्हमध्ये आली आणि पाण्यातला प्रश्न सुटला.

मोजून पाहू

फिलिप यांचं माप घेऊन थोडा हिशेब करता येतो. पाव मैल म्हणजे सुमारे ४०० मीटर, अर्धा मैल म्हणजे ८००. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्यात, दहाव्या कलमात, बे कशाला म्हणावं याची एक सुंदर कसोटी आहे. तोंडावर एक टोक ते दुसरं टोक सरळ रेघ मारायची, ती व्यास धरून अर्धवर्तुळ काढायचं. आतल्या पाण्याचं क्षेत्रफळ त्या अर्धवर्तुळाइतकं किंवा जास्त भरलं तरच ती खोबण कायद्याच्या दृष्टीने बे, नाहीतर तो नुसता किनाऱ्याचा बाक. कसोटी कोव्हसाठी केलेली नाही, पण कोव्ह ओळखायला ती फार उपयोगी पडते.

४०० मीटर व्यासाच्या अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ६.३ हेक्टर. सिडनी कोव्ह आयताकृती धरला तर ३२ हेक्टर, आत टोकाला निमुळता होत गेलेला त्रिकोण धरला तरी १६. म्हणजे कसंही मोजलं तरी अडीचपट ते पाचपट. आतली लांबी तोंडाच्या रुंदीच्या दुप्पट आहे, हा यातला कळीचा आकडा. कोकणात दोन डोंगरी टोकांमध्ये उथळ चंद्रकोरीसारख्या पसरलेल्या कितीतरी पुळणी आहेत. बहुतेक चंद्रकोरी या कसोटीला उतरणार नाहीत, कारण त्या रुंद असतात, आत लांबवर शिरलेल्या नसतात. त्यांना कोव्ह म्हणणं पर्यटनाच्या जाहिरातीत चालतं, भूगोलात चालू नये.

आता जहाजं. नांगरलेलं जहाज वाऱ्याबरोबर नांगराभोवती फिरतं. दोर पाण्याच्या खोलीच्या किमान तिप्पट सोडतात, वारा असेल तर पाचपट-सातपट, कारण दोर जितका आडवा पडेल तितका नांगर तळाला चांगला धरतो. समजा पाणी १० मीटर खोल, दोर ५० मीटर, जहाज ३० मीटर लांब. मग त्याला फिरायला ८० मीटर त्रिज्येचं, म्हणजे १६० मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं लागतं. ४०० मीटर रुंदीत अशी दोन वर्तुळं शेजारी शेजारी बसतात, ८०० मीटर लांबीत पाच. कागदावर दहा जहाजं, आणि तीही खोबण आत निमुळती होत नाही असं धरून. ताफा अकरांचा होता. कोव्हमध्ये जहाजं मोकळी सोडता येत नाहीत ती यामुळेच. पुढून-मागून दोन नांगर टाकून किंवा काठाला दोर बांधून त्यांचं फिरणं थांबवावं लागतं. आडोसा मिळतो तो जागा आकसण्याच्या किमतीवर. मोठं आरमार हार्बरमध्ये राहतं. फिलिप यांनीही हजार युद्धनौका निर्धास्त राहतील असं म्हटलं ते पोर्ट जॅक्सनबद्दल, कोव्हबद्दल नाही.

आडोसा नेमका येतो कुठून? पहिलं म्हणजे लाट अरुंद तोंडातून आत आली की पंख्यासारखी पसरते. तेवढीच ताकद जास्त लांबीच्या किनाऱ्यावर वाटली जाते आणि लाटेची उंची उतरते. सिडनी कोव्हच्या बाबतीत तर खोल समुद्राची लाट आधी भूशिरांशी अडते, मग हार्बरच्या वळणांत विरते, आणि उरलीसुरली कोव्हच्या तोंडाशी येते. दुसरं, वाऱ्याला लाट उठवायला मोकळं पाणी लागतं. अर्ध्या मैलाच्या पाण्यावर वारा कितीही घोंघावला तरी मोठी लाट उठत नाही. तिसरं म्हणजे तोंडाची दिशा. सिडनी कोव्ह उत्तरेला उघडतो. तिथे अचानक सुटणारा दक्षिणेचा झंझावात येतो तेव्हा जमीन पाठीशी असते. कोव्ह पाहताना नकाशावर आधी तोंडाची दिशा आणि तिथल्या वाईट वाऱ्याची दिशा पाहावी. दोन्ही एका रेषेत असतील तर आकार कितीही देखणा असो, आतलं जहाज सुरक्षित नाही.

जहाजाला चांगली, शेताला वाईट

फिलिप यांच्या कसोट्या दर्यावर्दी माणसाच्या होत्या आणि त्या कसोट्यांवर जागा खरी उतरली. पण वसाहतीला धान्यही लागतं. शेजारच्याच खोबणीत पहिलं शेत केलं, तिचं नाव म्हणून फार्म कोव्ह. पीक फसलं. इथला खडक वालुकाश्म, त्याची झीज होऊन बनलेली माती वाळूट आणि हलकी. वर्ष संपायच्या आत, नोव्हेंबर १७८८ मध्ये, आत नदीच्या वरच्या अंगाला रोझ हिल इथे, म्हणजे आजच्या पॅरामाटाला, शेतीसाठी दुसरी वस्ती करावी लागली.

ज्या झऱ्यासाठी ही जागा निवडली त्याचंही फार दिवस धड राहिलं नाही. १७९० च्या दुष्काळात पाणी साठवायला ओढ्याच्या काठच्या वालुकाश्मात टाक्या खोदल्या, त्यावरून ओढ्याचं नाव पडलं टँक स्ट्रीम. वस्तीची घाण त्याच ओढ्यात जाऊ लागली, आणि १८२० च्या दशकात ते पाणी पिण्यासाठी सोडून द्यावं लागलं. १८३७ पासून खोबणीच्या आतल्या टोकाला भराव घालून गोलाकार धक्का बांधायला सुरुवात झाली. ओढ्याचं मुख आणि उथळ भाग भरावाखाली गेला. आजचा सर्क्युलर की तो हाच. फिलिप यांचं अर्ध्या मैलाचं माप आज नकाशावर जुळत नाही, त्याचं कारण हा भराव.

गादिगल लोकांनी यात काय गमावलं ते वेगळं सांगायला हवं. कोव्हचं गोडं पाणी, मासे, शिंपले हे त्यांचं रोजचं जगणं होतं. १७८९ मध्ये आलेल्या देवीच्या साथीत या किनाऱ्यावरची त्यांची माणसं मोठ्या संख्येने मेली. २६ जानेवारी ऑस्ट्रेलियात काहींना राष्ट्रीय दिन वाटतो आणि काहींना शोकाचा, याची सुरुवात याच पाव मैलाच्या तोंडाच्या जागेतून झाली.

कोव्हा : शब्दाचं मूळ

जुन्या इंग्रजीत शब्द होता 'कोफा'. लिहिताना 'फ', पण दोन स्वरांमध्ये तो 'व्ह' असाच उच्चारला जाई, म्हणून म्हणताना 'कोव्हा'. अर्थ : छोटी खोली, कोठडी, आतली जागा. समुद्राचा संबंधच नाही. पुढे शेवटचा स्वर गळला, आधीचा लांबला, लेखनातही 'व्ह' आला आणि 'कोव्ह' तयार झाला. भावंडं अजून दिसतात. आइसलँडच्या भाषेत 'कोफी' म्हणजे झोपडी, जर्मनमध्ये 'कोबेन' म्हणजे डुकरांचा खुराडा. सगळीकडे चार भिंती आणि एक दार.

जुन्या इंग्रजी कवींनी या शब्दापासून जे जोडशब्द केले ते वाचून कोणीही थबकेल. 'बान' म्हणजे हाड, तर 'बानकोफा' म्हणजे हाडांची कोठडी, म्हणजे शरीर. 'ब्रेओस्त' म्हणजे छाती, तर 'ब्रेओस्तकोफा' म्हणजे छातीतली खोली, म्हणजे हृदय. 'होर्द' म्हणजे ठेवा, तर 'होर्दकोफा' ही ठेव्याची खोली, म्हणजे मन. एका जुन्या कवितेत एकाकी माणूस म्हणतो की मनात काहीही असो, ही ठेव्याची खोली माणसाने बंद ठेवावी. कुडी, पिंजरा, काळजाचा कप्पा हे शब्द वापरणाऱ्या मराठी माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

खोलीवरून हा शब्द गुहेकडे, खडकातल्या पोकळीकडे गेला. किनाऱ्याच्या खडकात समुद्राने कोरलेल्या पोकळीला स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडे तो वापरात राहिला, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी, १५८० च्या दशकात, 'छोटा, आडोशाचा वळसा' या अर्थाने इंग्रजी लिखाणात दिसू लागला. म्हणजे सिडनीच्या वेळी हा सागरी अर्थ जेमतेम दोनशे वर्षांचा होता आणि खोलीचा अर्थ हजार वर्षांचा.

'हार्बर'चं मूळही जाताजाता सांगण्यासारखं आहे. त्याचा पहिला अर्थ सैन्याचा आसरा, मुक्कामाची जागा. नंतर कोणाचाही मुक्काम, आणि मग जहाजांचा. फ्रेंचमधला 'ओबेर्ज', म्हणजे प्रवाशांची खाणावळ, त्याच मुळातून आला. त्या आठवड्यात ताफ्याने आधी धर्मशाळा गाठली आणि मग तिच्यातली एक खोली निवडली, असं शब्दांच्या मुळांतून वाचता येतं.

'कोव्ह'सारखे दिसणारे पण त्याचे कोणी नसलेले शब्द बरेच आहेत आणि भाषांतरात तेच घात करतात. 'केव्ह', म्हणजे गुहा, हा लॅटिनमधल्या 'पोकळ' या अर्थाच्या शब्दातून आला. 'अल्कोव्ह', म्हणजे भिंतीतली कोनाड्यासारखी जागा, हा अरबी 'अल-कुब्बा', म्हणजे घुमट, यातून स्पॅनिश आणि फ्रेंच वाटेने आला. तित्तिरांच्या थव्याला म्हणतात तो 'कव्ही' अंडी उबवण्याच्या फ्रेंच शब्दातला. आणि जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत 'अ रम कोव्ह' दिसला तर तिथे पाण्याचा थेंबही नाही. तो चोरट्यांच्या बोलीतला सोळाव्या शतकातला शब्द, अर्थ 'माणूस'. बरेच अभ्यासक तो रोमानी भाषेतल्या 'कोव्हा' या दर्शक शब्दाकडे नेतात. रोमानी भाषा भारतातून गेलेली, मराठीच्याच मोठ्या कुळातली. मराठीत तिथे 'असामी' चपखल बसतो : 'विचित्र असामी', 'बडी असामी'.

आकार एक, घडण निराळी

शब्द आकार सांगतो, घडण सांगत नाही. ही गोष्ट विसरली की भूगोलाच्या पुस्तकात चुका होतात. सिडनी कोव्ह ही बुडालेली दरी आहे. नदीने वालुकाश्मात दरी कोरली, शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र चढला आणि दरीत पाणी भरलं. काठ सरळ खाली उतरतात, म्हणून जहाज काठाला लागतं. घडणीने पाहिलं तर ती कोकणातल्या खाड्यांची जवळची नातेवाईक, आकाराने मात्र कोव्ह.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधला लुलवर्थ कोव्ह अगदी वेगळ्या रीतीने झाला. तिथे समुद्राच्या बाजूला कठीण चुनखडीचा अरुंद पट्टा, त्यामागे मऊ चिकणमाती आणि वाळू, आणि सर्वांत मागे खडूच्या खडकाची भिंत, असे थर किनाऱ्याला समांतर उभे आहेत. पुढच्या कठीण पट्ट्याला एका ठिकाणी खिंडार पडलं. आत शिरलेल्या पाण्याने मऊ थर दोन्ही बाजूंना भराभर पोखरले, खडूपाशी वेग मंदावला, आणि जवळजवळ गोल खोली तयार झाली, दार तेवढं अरुंद राहिलं. पश्चिमेला अगदी जवळच स्टेअर होल आहे, तिथे हेच काम अजून अर्ध्यावर आहे. चुनखडीला भोकं पडली आहेत, मागची माती घसरते आहे. पूर्वेला वॉरबॅरो बेमध्ये तेच काम पुढे जाऊन कठीण पट्टा बराचसा नाहीसा झाला आहे आणि मोठा उघडा वळसा उरला आहे. म्हणजे कोव्ह ही या किनाऱ्यावरची मधली अवस्था. हा किनारा २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि चालत जाऊन या सगळ्या पायऱ्या पाहता येतात.

अमेरिकेत टेनेसीमधला केड्‌स कोव्ह तर डोंगरांनी वेढलेलं सपाट खोरं आहे. जुने खडक नव्या चुनखडीवर सरकून बसले, वरचा थर झिजून खिडकी पडली, आणि उघडी पडलेली चुनखडी विरघळत जाऊन तळ सपाट झाला. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हेल्व्हेलिन डोंगराच्या पूर्व अंगाला नेदरमोस्ट कोव्ह आहे, तो हिमनदीने कोरलेला. अमेरिकेच्या टपाल खात्यात पत्त्यातल्या रस्त्यांच्या प्रकारांत 'कोव्ह'ला अधिकृत संक्षेप आहे, आणि मेम्फिससारख्या शहरात त्याचा अर्थ बंद गल्ली. आत जायचा रस्ता एक, बाजू बंद. जुना अर्थ तसाच.

आयर्लंडमधलं एक गाव मात्र वाचणाऱ्याला हमखास फसवतं. कॉर्क हार्बरमधल्या या गावाला इंग्रजीत कोव्ह म्हणत. १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरिया तिथे उतरली म्हणून नाव क्वीन्सटाउन झालं. १९१२ मध्ये टायटॅनिकने शेवटचा थांबा घेतला तो याच नावाच्या बंदरात. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याच्या काळात जुनं नाव परत आलं, पण आयरिश लिपिपद्धतीने लिहून. त्या भाषेत 'ब' आणि 'ह' ही अक्षरं जोडून 'व्ह' लिहितात. मराठी वर्तमानपत्रांत म्हणून 'कोभ' किंवा 'कॉब' छापून येतं. उच्चार 'कोव्ह'च आहे.

गवंड्याकडे शब्द आहे

कोव्हचा एक अर्थ महाराष्ट्रात रोज हाताळला जातो. भिंत आणि छत किंवा भिंत आणि फरशी जिथे काटकोनात भेटतात तिथे आत वळलेला गोलवा काढला की इंग्रजीत त्याला कोव्ह किंवा कोव्हिंग म्हणतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारे गवंडी त्यालाच 'वाटा' म्हणतात. कठडा आणि गच्चीची जमीन यांच्या कोपऱ्यात सिमेंटच्या मालाने तो मारतात, साधारण ७५ ते १०० मिमीचा. कोपरा काटकोनातच सोडला तर स्लॅब उन्हाने फुगून-आकसून तिथेच तडा जातो, पाणी साचतं आणि आत उतरतं. औषधांच्या कारखान्यांत हाच गोलवा फरशी-भिंतीच्या सांध्यात लागतो, कारण काटकोनात धूळ बसते आणि पोछा पोहोचत नाही. असा मजकूर मराठीत आणताना 'अंतर्वक्र संधी' वगैरे घडवायची गरज नाही. 'वाटा' लिहावं, कामगाराला पहिल्या वाचनात समजतं.

छताच्या पीओपीमध्ये लपवलेल्या पट्टीदिव्यांना सगळे 'कोव्ह लाइट' म्हणतात, तो शब्द तसाच ठेवावा. तिथेही खोलीचा नियम चालतो : दिवा दिसता कामा नये, फक्त उजेड बाहेर यावा. पुढची पट्टी ठेंगणी राहिली तर एलईडीचे ठिपके दिसतात. छत फार जवळ आलं तर उजेड पसरत नाही, एक पांढरी रेघ उमटते. पट्टी आणि छत यांत १०० ते १५० मिमी मोकळं सोडलं की उजेड मऊ पडतो.

मराठीत काय लिहावं

विशेषनाम असेल तर 'कोव्ह' ठेवावं आणि मागे 'खाडी' जोडू नये. सिडनी कोव्ह, मॅन्ली कोव्ह, लुलवर्थ कोव्ह. वर्णनात पहिल्यांदा आला तर 'अरुंद तोंडाची, आडोशाची खोबण' अशी ओळख करून द्यावी, नंतर 'खोबण' किंवा 'कोव्ह' चालतं. नदी येऊन मिळते, भरतीचं पाणी मैलोन्‌मैल आत चढतं, काठाला चिखल आहे, अशा ठिकाणीच 'खाडी'. ठाण्याच्या खाडीला इंग्रजीत 'क्रीक' म्हणतात तो ब्रिटिश अर्थाने. ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन मजकुरात 'क्रीक' म्हणजे साधा ओढा, तिथे 'खाडी' लिहिलं तर डोंगरमाथ्यावर समुद्र आणून ठेवल्यासारखं होतं. 'घळ' हा शब्दही जपून वापरावा. हेदवीच्या बामणघळीत लाट कोंडून उसळते, तिथे आडोसा नाही, उलट धोका आहे. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा शांत आहे का, हा प्रश्न विचारला की घळ आणि कोव्ह लगेच वेगळे होतात.

कोशात नोंद करायची तर ती खोलीपासून सुरू करावी, समुद्रापासून नाही. कोव्ह : (मूळ अर्थ) छोटी खोली, कोठडी, १. किनाऱ्यातली अरुंद तोंडाची आडोशाची खोबण; २. डोंगराच्या कुशीतलं बंद खोरं, किंवा डोंगराच्या अंगातली पोकळी, ३. बंद गल्ली (अमेरिका); ४. भिंतीच्या सांध्यातला आत वळलेला गोलवा, वाटा. आणि 'असामी' या अर्थाचा कोव्ह वेगळ्या क्रमांकाची स्वतंत्र नोंद म्हणून, कारण तो दुसराच शब्द आहे.